अर्ध्यात थांबलेल्या मुलीला शून्य देऊ नका

प्रति,
कोल्हापुरातल्या शाळांचे मुख्याध्यापक, मराठीचे शिक्षक आणि शाळेत वाचन प्रकल्प घेणारे सर्व,

सविनय नमस्कार.

मी पेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या टेबलामागं बसून सत्तावीस वर्षं झाली. तुमच्यातले काही जण शाळेत असताना याच टेबलासमोर रांगेत उभे होते, काहींची मुलं आता येतात. त्यामुळं हे पत्र परक्यानं लिहिलंय असं समजू नका. तक्रार आहे, पण आपल्याच माणसांकडं आहे.

विषय वाचन प्रकल्पाचा. पहिल्या सत्रात पाच पुस्तकं पूर्ण वाचायची, त्यातलं एक तरी तीनशे पानांच्या वरचं हवं, प्रत्येकावर एक पान अभिप्राय लिहायचा, आणि वहीवर वाचनालयाचा शिक्का आणायचा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्याआधी वही जमा. डॉ. कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून आपल्याकडं असा साजरा होतो, आणि तेव्हापासून ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे आमच्याकडं जत्रा असते. मला ते आवडतं. मुलं येतात, कपाटं उघडतात, पुस्तकं खाली-वर होतात. प्रकल्प बंद करा असं मी म्हणणार नाही. शिक्क्यासाठी त्या वह्या माझ्यासमोर येतात, शिक्का मारता मारता मी त्या वाचते, आणि वाचून जे दिसलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

यंदा गणपती झाल्यावर आठवीतली एक मुलगी आईबरोबर आली. हातात कुमारवयीन मुलांसाठीची एक अद्भुत कादंबरी. इंग्रजीतून मराठीत आलेली, तीन भागांतला पहिला भाग, ४४८ पानं. नाव लिहीत नाही, कारण ते पुस्तक वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तिसऱ्यांदा मुदत वाढवून घ्यायला आल्या होत्या.

"अजून झालं नाही होय गं?" मी विचारलं.

"सरंनाच झालंय ओ मॅडम. रोज घेऊन बसते. दोन पानं झाली की झोप येती."

आई म्हणाल्या, "घेतलंय ते पूर्ण कर म्हणून सांगितलंय तिला. अर्धवट टाकायची सवय एकदा लागली की सगळ्यातच लागती. होय की नाही?"

मी तारखेची चिठ्ठी काढायला पुस्तक हातात घेतलं आणि सवयीनं आडवं धरून कडेकडून बघितलं. जुन्या पुस्तकाची कड बोलते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. लोक जिथवर वाचतात तिथवर पानांची कड बोटांनी मळते, तिच्या पुढं पांढरी राहते. या पुस्तकाची कड अर्ध्याच्या जरा अलीकडंपर्यंत तपकिरी होती, त्यापुढं कोरी. आत पाहिलं तर चाळिसाव्या पानावर भडंगाच्या तेलाचा डाग, १६३ वर केएमटी बसचं घडी घातलेलं तिकीट, आणि दोनशेच्या पुढं काहीच नाही. चिठ्ठीवर सव्वीस तारखा होत्या. म्हणजे सव्वीस वेळा हे पुस्तक घरी गेलं आणि बहुतेक सगळे याच पट्ट्यात कुठंतरी थांबले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीवर 'पूर्ण वाचले' याखाली मीच शिक्का मारलेला आहे.

"तू कितव्या पानावर आहेस?"

"एकशे सत्त्याऐंशी." तिला पुस्तक उघडून बघावं लागलं नाही.

"तिथंच का थांबलीस?"

तिनं आधी आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं. असं तिला कुणी विचारलं नव्हतं हे दिसत होतं, कारण उत्तर तयार नव्हतं. ती जुळवत जुळवत बोलली. संध्याकाळी ती मर्दानी खेळाला जाते, दोन वर्षं झाली.

"त्यातल्या मुलीला पहिल्यांदा तलवार मिळती ना, पहिल्यांदा, त्याच रात्री ती तिघांना पाडती. पायाचं काही लिहिलेलंच नाही. आमचे वस्ताद पहिले कितीतरी महिने नुसते पवित्रे करून घेतात. मग लाठी. तलवार तर मला अजून दिलीच नाही. मला वाटलं पुढं कुणीतरी शिकवंल तिला. वाट बघितली. एकशे सत्त्याऐंशीला ती सेनापतीशी खेळती आणि त्यालापण हरवती. मनगट दुखत नाही, दम लागत नाही. मग मला तिचं सगळंच खोटं वाटाय लागलं. तिची आई मेली तेपण."

बोलताना तिनं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं, अंगठ्याच्या खाली, जिथं दुखतं तिथं.

मी इतक्या वर्षांत शिक्के मारलेल्या अभिप्रायांत याच्या तोडीचा एकही आठवत नाही. 'तिची आई मेली तेपण' हे ती सहज म्हणून गेली, पण कादंबरी हातातून कशी सुटते ते त्यात सगळं आलंय. अद्भुतकथेत ड्रॅगन चालतो, बोलणारं झाड चालतं, मेलेली माणसं परत आली तरी चालतं. मूल त्याला मनानं तयार असतं. पण माणसाला मेहनत केल्याशिवाय काहीतरी येतंय असं दिसलं की तेरा वर्षांचं मूल थबकतं, कारण मेहनत त्याच्या रोजच्या ओळखीची आहे. तलवारीवरचा विश्वास गेला आणि मग दुःखावरचाही गेला. हे तिनं स्वतःच्या अंगानं ओळखलं. यासाठी तिला १८७ पानं वाचावी लागली, आणि ती तिनं नीट वाचली होती.

मी तिला सांगितलं, पुस्तक ठेव इथंच, आणि आत्ता बोललीस ते असंच्या असं वहीत लिही. आई जरा नाराज झाल्या, पण काही बोलल्या नाहीत. मुलीनं दीड पान लिहिलं. खाली खरं लिहिलं, 'पान १८७ वर सोडले.' मी शिक्का मारला.

दहा-बारा दिवसांनी ती वही घेऊन एकटीच आली. दाखवायला. दीड पानाच्या खाली लाल शाईत 'पुस्तक अपूर्ण' आणि शेजारी शून्य. एवढंच. मजकूर वाचल्याची एकही खूण नाही, शुद्धलेखनाची चूकसुद्धा काढलेली नाही, आणि चुका होत्या.

"तुम्हीच लिही म्हणालात," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुमची शाळा कुठली, शिक्षक कोण, हे मी लिहिणार नाही. हे एका शाळेपुरतं नाहीच. प्रकल्पाचा तक्ताच तसा छापलेला असतो: पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, वाचून पूर्ण केल्याची तारीख. पूर्ण न केलेल्या पुस्तकाला त्या तक्त्यात घरच नाही. शिक्षकाच्या हातात एका वर्गाच्या साठ वह्या असतात आणि रात्र एकच असते, तेही मला कळतं. पण त्या तक्त्यानं मुलं काय शिकली ते मी बघितलंय.

त्याच कादंबरीवर यंदा माझ्यासमोर नऊ अभिप्राय आले. त्यातल्या सहांची पहिली तीन वाक्यं सारखी. ती मलपृष्ठावरून उतरवलेली, 'थरारक', 'खिळवून ठेवणारी', 'प्रत्येक पानावर नवे रहस्य'. चौघांनी लिहिलंय की शेवट गोड झाला. आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे ही. या पहिल्या भागाला शेवट नाहीच. शहर जळतंय, धाकटा भाऊ शत्रूच्या हाती सापडलाय, आणि पुस्तक तिथं तुटतं, पुढचं दुसऱ्या भागात. चार मुलांनी कधी न बघितलेला शेवट गोड म्हणून लिहिला आणि त्यांना दहापैकी आठ, नऊ मिळाले. जिनं खरं लिहिलं तिला शून्य. मुलं खोटारडी आहेत म्हणून हे लिहीत नाही. आपण पैसे मोजायला ठेवले तिथं ती दुकान मांडून बसली.

आता माझ्या घरचं सांगते, कारण दुसऱ्याच्या वहीकडं बोट दाखवायचं तर ते आधी सांगायला हवं.

माझा मुलगा सातवीत होता. मे महिन्यात मामानं पुण्याहून त्याला अशीच एक जाड अद्भुतकथा आणून दिली. पहिले चार दिवस त्यानं ती जेवतानाही सोडली नाही. मग सोडली. पुस्तक उपडं करून खिडकीत ठेवलं आणि बॅट घेऊन खाली गेला. मी ग्रंथपाल. माझ्या घरात पुस्तक उपडं पडतंय हे मला बघवेना. मी नियम केला: रोज वीस पानं, मग बॅट. त्यानं तो पाळला. मे संपायच्या आत पुस्तक संपलं, त्यानं ते टेबलावर आणून ठेवलं, मी डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर त्यानं माझ्याकडं पुस्तक मागितलं नाही. आठवीत नाही, दहावीच्या सुट्टीत नाही, कॉलेजात नाही. आज तो शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहे, कामात हुशार आहे, त्याच्यावर माझी काही तक्रार नाही. मागच्या वर्षी असंच बोलता बोलता म्हणाला, "आई, ती वीस पानं मी वाचतच नव्हतो. उलटत होतो. खाली टप्पा पडल्याचा आवाज यायचा, तो ऐकत पानं मोजायचो."

हजारो पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला आणि घरातलं एक मूल मी पुस्तकापासून असं तोडलं. तो नियम मी प्रेमापोटी केला होता. तुम्ही तक्ता छापता तोही प्रेमापोटीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या प्रकारच्या पुस्तकांबद्दल थोडं बोलते. आमच्याकडं गेली काही वर्षं त्यांचं वेगळं कपाट आहे आणि मुलं तीनशे पानांची अट भागवायला सगळ्यात आधी तिथंच जातात.

अद्भुतकथा सुरुवातीला जड असते, ती तशी असणारच. नवं जग, त्याचा नकाशा, त्यातली कुळं, देव, शपथा, कुणाला कुठली विद्या आहे आणि ती वापरली की काय किंमत मोजावी लागते, हे सगळं वाचकाच्या गळी उतरवायचं असतं. मराठीत आणताना नावांचा आणखी गुंता होतो. इंग्रजीत वेगळी दिसणारी दोन नावं देवनागरीत सख्खी भावंडं होऊन बसतात आणि मूल पन्नास पानं वेगळ्याच माणसाला खलनायक समजत राहतं. अनुवादकाचे हाल मी समजू शकते. पण राणी, दासी, सैनिक आणि गल्लीतलं पोरगं सगळेच पुस्तकी प्रमाण भाषेत बोलतात आणि दर पानावर कुणीतरी भुवई उंचावतं, खांदे उडवतं. "असं कोण बोलतं ओ?" हे मी मुलांकडून इतक्यांदा ऐकलंय, आणि कोल्हापुरातल्या मुलाला भाषेचा कान नाही असं कुणी म्हणू नये.

तरी मुलं सुरुवातीला फारशी सोडत नाहीत. नकाशाची हौस असते, विद्या कधी प्रकट होते याची उत्सुकता असते. सोडतात ती मधे. तीन भागांची कथा असली की पहिल्या भागाच्या मधल्या दीडशे पानांत लेखकाला हात राखून ठेवावा लागतो. खरं युद्ध तिसऱ्या भागात, खरा गुपिताचा उलगडा दुसऱ्या भागात, मग इथं काय करायचं? प्रवास. जंगल, तळ, शेकोटी, पुन्हा जंगल. आणि नायिकेचं दोन मुलांमधे अडकलेलं मन. ही पुस्तकं साधारण बारा ते अठरा वयासाठी म्हणून निघतात, पण बारा आणि अठरा यांत केवढं अंतर! सोळाव्या वर्षी जे पान मुलगी दोनदा वाचेल ते तेराव्या वर्षी तिला कंटाळा आणतं. तिचंही बरोबर, पुस्तकाचंही बरोबर, फक्त गाठ आधी पडली. आमच्याकडं एका मुलानं सहावीत एक पुस्तक साठाव्या पानावर परत आणून दिलं होतं. नववीत तो स्वतः कपाटातून तेच काढून घेऊन आला, म्हणाला, "हे मला तेव्हा कळलंच नव्हतं." तेव्हा मी त्याला जबरदस्तीनं पूर्ण करायला लावलं असतं तर नववीत त्यानं त्या कपाटाकडं पाहिलं तरी असतं का?

आम्हाला ग्रंथपालनाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ करून घेतात. १९३१ साली त्यांनी ती मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. मी परीक्षेत ती लिहिली, मार्क मिळवले आणि चौथ्या सूत्राचा अर्थ इतकी वर्षं एवढाच धरला की पुस्तक पटकन सापडलं पाहिजे. आठवीतल्या मुलीचा दीड महिना एका नको असलेल्या पुस्तकात अडकला, त्या दीड महिन्यात तिनं तिला हवी असलेली तीन वाचली असती, हाही वाचकाचा वेळच की. आणि जे पुस्तक तिच्या दप्तरात निजून राहिलं, त्याचा खरा वाचक तोवर आमच्याकडं येऊन रिकाम्या हातानं गेला असेल.

अमेरिकेत सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी वाचकांसाठी एक सोपा हिशेब सांगितलाय. पन्नास पानं मनापासून द्या, नाही जमलं तर सोडा. पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं द्या. मी छप्पन्न वर्षांची, माझ्या वाट्याला चव्वेचाळीस. फ्रान्समधले शिक्षक आणि लेखक दानिएल पेनाक यांनी तर १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्कच लिहून काढले, त्यात तिसरा हक्क पुस्तक पूर्ण न करण्याचा. मुलांना वर्गात शिकवणाऱ्या माणसानं हे लिहिलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण सिएटल आणि फ्रान्स कशाला, आपल्या गावाचंच बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करवीर संस्थानानं १९४५ साली केला. मद्रासचा १९४८ चा, अख्ख्या महाराष्ट्राचा १९६७ चा. देशात असा कायदा पहिल्यांदा आपल्या गावात झाला. शाळेचं पाठ्यपुस्तक आणि तालमीतली माती यांच्याशिवाय आणखी एक जागा असावी, तिथं माणसानं स्वतःच्या मनानं जावं, हवं ते घ्यावं, नको ते परत ठेवावं, असं तेव्हाच्या लोकांना वाटलं असलं पाहिजे. परत ठेवण्याची मुभा काढून घेतली तर वाचनालय आणि शाळेचं कपाट यात फरक काय राहिला?

आणि 'किशोर' आठवा. १९७१ पासून बालभारती तो काढते, तुम्ही-आम्ही त्यावरच वाढलो. कोडं आधी, मग चित्रकथा, मग एखादी गोष्ट, बाकीचं कधीतरी नाहीतर कधीच नाही. अंक पूर्ण वाचलास का असं आपल्याला कुणी विचारलं नाही. तरी वाचणारी पिढी झालीच की.

मला माहीत आहे, यावर तुम्ही चिकाटी म्हणाल. त्या आईही तेच म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं मी हसण्यावारी नेत नाही. घराघरात आपण शिकवतो की पानात घेतलेलं टाकायचं नाही. पण टाकलेलं अन्न वाया जातं म्हणून तो नियम आहे. परत ठेवलेल्या पुस्तकाचं काहीच वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या घरी जातं. राहिली चिकाटी. त्या मुलीला चिकाटी नाही असं कोण म्हणेल? ती दोन वर्षं रोज संध्याकाळी पवित्रे आणि लाठी करतेय, तलवारीची वाट बघत, कुणी मार्क न देता. चिकाटी कुठं लावायची हे तिला कळतं. अभ्यासक्रमाचा धडा कंटाळवाणा असला तरी पूर्ण करावा लागतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही; तो तुमचा प्रांत आहे आणि तिथं चिकाटी शिकवायला जागा भरपूर आहे. पण स्वतः निवडलेल्या गोष्टीच्या पुस्तकात तरी मुलाला मनाचं ऐकू द्या.

दुसरं म्हणाल, सूट दिली तर सगळेच दहाव्या पानावर सोडतील. मलाही ही भीती होती. म्हणून लाल शून्याची ती वही बघितल्यावर मी एक करून पाहिलं. दोनशे पानी वही आणली, वर लिहिलं 'कुठं थांबलो?', आणि टेबलावर दोरीनं बांधून ठेवली. पुस्तक अर्धवट परत करणाऱ्यानं त्यात पुस्तकाचं नाव, पान आणि कारण लिहायचं. नाव लिहायची सक्ती नाही. सात आठवड्यांत एकेचाळीस नोंदी झाल्या. दहाव्या पानाच्या आत सोडलेल्या फक्त तीन. बाकीच्यांत काय काय आहे बघा. 'पान ६२. नकाशात नदी डोंगराच्या अलीकडे आहे, गोष्टीत पलीकडे. मी दोनदा बघितले.' 'पान २३०. ड्रॅगन मेला. मला तोच आवडत होता.' 'पान १४०. ती सारखी रडते आणि सगळे तिला शूर म्हणतात.' एका मुलीनं लिहिलंय, 'पान ३०१. पुढे काय होणार ते मैत्रिणीने सांगितले. आता वाचवत नाही.' यातल्या प्रत्येक नोंदीवर वर्गात अर्धा तास बोलता येईल. नकाशावाल्या मुलाशी मी बोलले, त्यानं मला दोन्ही पानं उघडून दाखवली. त्याचं बरोबर होतं.

त्या तीन नोंदींतली एक अशी: 'पान ९. अक्षर फार बारीक.' मी पुस्तक बघितलं, अक्षर नेहमीसारखंच. पुढच्या वेळी तो मुलगा आला तेव्हा त्याला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं, मग जवळचं. वडिलांना निरोप दिला, डोळे तपासून घ्या. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. सहावीतलं मूल आहे ते. 'वाचनात मागे' असा शेरा त्याला दोन वर्षं मिळत होता.

म्हणून विनंती करते. तक्त्यात 'पूर्ण केल्याची तारीख' आहे तिच्या शेजारी आणखी एक रकाना छापा: 'कुठे थांबलो आणि का'. तो रकाना भरणाऱ्याचे गुण कापू नका. कारण नीट लिहिलं असेल तर पूर्ण गुण द्या. पन्नास पानांची अट घाला हवं तर, मला ती रास्त वाटते. तीनशे पानांची अट मात्र काढा. जाडी बघून पुस्तक निवडणारी मुलं मी रोज बघते, दोन बोटं आडवी लावून मोजतात, आणि शंभर पानांची चांगली पुस्तकं तशीच मागं राहतात. पाच पुस्तकांऐवजी तीन करा आणि अभिप्राय वाचा. खरंच वाचा. तेवढा वेळ नसेल तर साठांतले दहा वाचा, पण त्या दहा मुलांशी बोला. शिक्क्याचं काम आमचं, ते आम्ही करत राहू, पण आता माझा शिक्का 'पूर्ण वाचले' याखाली पडणार नाही. 'पुस्तक नेले, परत आणले' एवढ्याचाच तो दाखला असेल. दुसऱ्या वाचनालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही मी हेच सांगणार आहे.

आणि त्या मुलीचं शून्य खोडा. कुठली मुलगी हे ज्यांचं त्यांना कळेल. तिनं मला दुरुस्ती मागायला सांगितलेली नाही, ती त्यानंतर तो विषयही काढत नाही. यायची मात्र थांबली नाही, हे माझं नशीब. परवा मर्दानी खेळावरचं काही आहे का विचारत होती. हत्यारांच्या चित्रांचं एक जुनं पुस्तक दिलं, त्यातली तलवारीची मूठ ती बराच वेळ बघत उभी होती.

वाचनालय सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. दोरीनं बांधलेली वही टेबलावरच आहे. तुम्ही यावं, ती चाळावी, आणि तुम्ही स्वतः कुठलं पुस्तक कुठं सोडलंत ते आठवत असेल तर तेही लिहावं. पहिलं पान मी माझ्यासाठी ठेवलं होतं, भरून टाकलंय.

ती ४४८ पानांची कादंबरी सध्या आमच्याकडं नाही. नववीतल्या एका मुलानं नेलीय. काल मुदत वाढवायला आला होता. २६० व्या पानावर आहे, आवडतेय म्हणाला, आणि दुसरा भाग मागवून ठेवा म्हणून सांगून गेलाय.

आपली नम्र,
पेठेतल्या वाचनालयातली एक ग्रंथपाल
कोल्हापूर